फवारणीचा मुहूर्त

(नभोवाणीवरील भाषण)

अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास निघालेला प्रवासी जळगांवकडून येवो, कीं छत्रपती संभाजीनगरकडून घाट उतरून येवो, त्याला फर्दापूर हें गांव लागतेंच. तेथील जुन्या सराईमुळें आणि मुक्कामाच्या सोयीमुळें हें नांव अनेकांच्या परिचयाचें आहे. परंतु श्रावण-भाद्रपदांत रस्त्याच्या दोन्ही अंगांस जें हिरवें रान डोलत असतें, त्याकडे लेण्यांच्या ओढीनें निघालेल्या माणसाचें लक्ष क्वचितच जातें. डोंगराच्या पायथ्याच्या या शिवारांत कापसाच्या जोडीला मका असतो, आणि गेल्या कांहीं दशकांत सोयाबीनही आलें आहे. याच रानांत, याच दिवसांत, एक प्रश्न शेतकऱ्याच्या घरोघरीं चाललेला असतो. पिकाच्या पानांवर ठिपके दिसूं लागले आहेत. औषध फवारावयाचें कीं नाहीं, आणि फवारावयाचें तर केव्हां? या प्रश्नाचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांना वाटेल, कीं याच्याशीं आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो रोजच्या ताटाइतका जवळचा आहे. आपल्याकडील मक्याचा मोठा हिस्सा कोंबड्यांच्या खाद्यांत आणि स्टार्चच्या कारखान्यांत जातो. सोयाबीनचें तेल आपल्या स्वयंपाकघरांत येतें, आणि त्याची पेंड पुन्हां पशुपक्ष्यांच्या खाद्याला लागते. घरांत येणारें अंडें आणि तळणीचें तेल यांची किंमत अशा रीतीनें पावसाळ्यांतील कांहीं थोड्या दिवसांशीं बांधलेली आहे. शिवाय ज्या घरानें औषधासाठीं उसने पैसे काढले, त्या घराचें वर्ष त्या दिवसांवर अवलंबून असतें.

प्रथम बुरशी म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. लोणच्यावर किंवा शिळ्या भाकरीवर चढणारी बुरशी आपण सर्वांनीं पाहिलेली आहे. पिकांवरील बुरशी त्याच जातकुळीची. तिला झाडाप्रमाणें सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करतां येत नाहीं. म्हणून ती दुसऱ्याच्या तयार अन्नावर जगते. तिचें बीं म्हणजे बीजाणु. तो इतका सूक्ष्म असतो कीं वाऱ्यावर कोसच्या कोस जातो. गव्हावरील तांबेऱ्याचे बीजाणु डोंगराळ प्रदेशांत जिवंत राहून दरवर्षी वाऱ्याबरोबर मैदानांत उतरतात, हें आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनीं गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत दीर्घ संशोधनानें दाखवून दिलें. तेव्हां आपल्या शेतांत बीजाणु येऊंच नये अशी व्यवस्था करणें कोणाच्याही हातचें नाहीं.

परंतु बीजाणु पानावर पडला म्हणजे रोग झाला, असें नव्हे. त्याला रुजावयास ओल लागते. पान कांहीं तास सलग ओलें राहिलें पाहिजे, मग तें पावसानें असो कीं दंवानें. सोयाबीनच्या तांबेऱ्याला, हवा फार तापलेली नसेल तर, सहा ते बारा तासांची ओल पुरते. बीजाणूला अंकुर फुटतो, तो पानांत शिरतो, आणि मग कांहीं दिवस बाहेरून कांहींच दिसत नाहीं. सुमारें आठ-दहा दिवसांनीं पानावर पुटकुळ्या येतात, त्या फुटतात, आणि एका बीजाणूच्या जागीं शेंकडों नवे बीजाणु हवेंत सुटतात. दुसऱ्या फेरीला शेंकड्याचे हजारों होतात. ज्या दिवशीं शेतकऱ्याला शेत तांबूस दिसतें, त्या दिवशीं रोगाची तिसरी किंवा चौथी पिढी चालू असते. डोळ्यांना दिसणारा रोग हा नेहमीं मागचा रोग असतो. वेळेच्या साऱ्या प्रश्नाचें मूळ या एका गोष्टींत आहे.

आतां औषधाचा स्वभाव पाहूं. बुरशीनाशकें स्थूलमानानें दोन प्रकारचीं. एक प्रकार पानाच्या पृष्ठभागावर थर देऊन बसतो, जसें ताम्रयुक्त औषध किंवा मॅन्कोझेब. हा पहारेकऱ्यासारखा आहे; दाराबाहेरच्या चोराला तो अडवील, आंत शिरलेल्याला नाहीं. दुसरा प्रकार पानांत कांहीं अंशीं मुरतो. हेक्साकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, अझॉक्सिस्ट्रोबिन हीं त्यांतील नांवें आतां खेड्यांतील दुकानांतही ऐकूं येतात. तीं नुकत्याच आंत शिरलेल्या बुरशीलाही कांहीं प्रमाणांत रोखतात. परंतु दोन्ही प्रकारांची मर्यादा एकच आहे. करपून गेलेला पानाचा भाग कोणतेंही औषध पुन्हां हिरवा करूं शकत नाहीं. फवारणीनंतर उगवलेल्या नव्या पानाला औषधाचें संरक्षण फारसें मिळत नाहीं. आणि औषधाचा प्रभाव फार तर दोन-तीन आठवडे टिकतो. म्हणून फवारणी ही छत्रीसारखी आहे. ती पाऊस येण्यापूर्वीं उघडावी लागते, आणि सारा पावसाळाभर उघडी ठेवतां येत नाहीं.

हें ज्ञान कसें आलें त्याची कथा मनोरंजक आहे. फ्रान्सच्या बोर्डो प्रांतांत वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचें निळसर मिश्रण शिंपडीत असत. इ. स. १८८२ च्या शरदांत प्राध्यापक मिलार्दे यांच्या दृष्टीस पडलें, कीं केवडा रोगानें बाकीच्या वेलींचीं पानें गळून गेलीं, तरी या शिंपडलेल्या वेलींचीं टिकून आहेत. १८८५ मध्यें त्यांनीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि बोर्डो मिश्रण जगभर गेलें. आपल्याकडे वेळेचा धडा शिकविला तो सुपारीनें. म्हैसूर संस्थानांत पावसाळ्यांत कोवळ्या सुपाऱ्या कुजवून पाडणारा कोळेरोग बागाइतदारांना रडवीत असे. लेस्ली कोलमन या शास्त्रज्ञानें १९१० च्या सुमारास दाखवून दिलें, कीं मुसळधार पाऊस सुरू होण्यापूर्वींच सुपारीच्या घडांवर बोर्डो मिश्रण बसलें पाहिजे. पावसाळा जोरांत आल्यावर फवारण्यांत अर्थ नसतो. कोंकणांतील आणि गोव्यांतील बागाइतदार आजही हाच नियम पाळतात, आणि पहिल्या फवारणीनंतर सुमारें दीड महिन्यानें, उघडीप पाहून, दुसरी फवारणी करतात.

आतां फर्दापूरच्या शिवाराकडे येऊं, आणि प्रथम मका घेऊं. या भागांत खरिपाचा मका जूनच्या उत्तरार्धांत किंवा जुलैच्या आरंभीं पेरला जातो. पन्नास-साठ दिवसांनीं, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धाच्या सुमारास, त्याला तुरा येतो आणि लगेच कणसांतून रेशमासारखे केस बाहेर पडतात. तेथून पुढचे पांच-सहा आठवडे दाणा भरण्याचे. दाण्यांत जो साठा भरतो तो कोठून येतो? मुख्यतः कणसाजवळचें पान आणि त्याच्या वरचीं पानें यांच्यांतून. खालचीं जुनीं पानें तोंवर सांवलींत गेलेलीं असतात, आणि त्यांचें कार्य जवळजवळ संपलेलें असतें. मक्यावरील करपा मात्र बहुधा खालच्या पानांवरच प्रथम दिसतो आणि दंव-पावसाच्या आधारानें एकेक पायरी वर चढतो. तो कणसाच्या पानापर्यंत केव्हां पोंचतो, यावर नुकसान ठरतें. दाणा भरण्याच्या आरंभींच पोंचला तर घर बुडालें. दाणा कठीण झाल्यावर पोंचला तर फारसें बिघडत नाहीं.

समजा, एकाच शिवारांत तीन शेतें आहेत. पहिल्या शेताच्या मालकानें मका गुडघाभर असतांनाच फवारणी केली. लष्करी अळीसाठीं पंप काढलाच होता, दुकानदारानें आणखी एक पुडी पुढें केली, तीही त्यानें पाण्यांत मिसळली. त्यानें ज्या पानांचें रक्षण केलें तीं पुढें सांवलींत जाणारीं होतीं; आणि ज्या पानांवर दाणा भरावयाचा, तीं तेव्हां उगवलींही नव्हतीं. दुसऱ्या मालकानें तुरा दिसूं लागतांच शेताच्या चार-पांच ठिकाणीं आंत शिरून झाडें तपासलीं. कणसाखालच्या पानांवर लांबट, राखी रंगाचे चट्टे त्याला बऱ्याच झाडांवर आढळले, हवा ढगाळ होती, आणि पुढें पावसाचा अंदाज होता. त्यानें केस बाहेर पडण्याच्या सुमारास एक फवारणी केली. तिसऱ्यानें वाट पाहिली. सप्टेंबरच्या मध्यावर शेत लांबूनच करपलेलें दिसूं लागलें, तेव्हां त्यानें सर्वांत महाग औषध आणलें. खर्च तिघांनाही आला. फळ एकालाच मिळालें.

येथें एक चौथें शेतही असूं शकतें, आणि तें विसरतां कामा नये. त्या मालकानें करप्यास दाद न देणारा वाण पेरला होता; तपासणींत चट्टे आढळले नाहींत; ऑगस्ट कोरडा गेला. त्यानें फवारलेंच नाहीं. त्याचा निर्णय दुसऱ्याइतकाच शहाणपणाचा आहे. अमेरिकेंतील कृषि-विद्यापीठांच्या अनेक वर्षांच्या प्रयोगांचा निष्कर्षही असाच आहे. तुरा ते केस या काळांतील एक फवारणी सर्वांत अधिक फळ देते, परंतु रोगच नसेल तर ती बहुधा आपला खर्चही भरून काढीत नाहीं. तेथेंच आणखी एक गोष्ट नोंदली गेली. तुरा येण्याच्या आधींच्या कांहीं दिवसांत, कणीस आंतल्या आंत घडत असतांना, औषधांत चिकटद्रव्य मिसळून फवारल्यानें कांहीं शेतांत कणसें खुरटून राहिलीं. म्हणजे चुकलेली वेळ केवळ निष्फळच नव्हे, तर प्रसंगीं घातकही ठरते. वाणाचें महत्त्वही त्याच देशानें मोठी किंमत देऊन शिकून घेतलें. १९७० सालीं तेथील बहुतेक संकरित मका एकाच मातृगुणाचा होता. त्याच गुणावर नेमकी चालून जाणारी करप्याची जात निपजली, आणि देशाच्या मक्याचा सुमारें १५ टक्के भाग नाहींसा झाला.

सोयाबीनचें घड्याळ थोडें निराळें आहे. जूनच्या अखेरीस पेरलेलें सोयाबीन पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत फुलावर येतें. झाडें दाट झाल्यामुळें दोन ओळींमधली माती दिसेनाशी होते, आणि आंत दिवसभर ओल कोंडून राहते. बुरशीला याहून सुखाचें घर तें कोणतें? अशा वेळीं महत्त्वाची खूण पाहावयाची ती शेंगेची. झाडाच्या शेंड्याकडील चार पेऱ्यांपैकीं एखाद्या पेऱ्यावर पांच मिलिमीटरची, म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढी, शेंग दिसली, कीं पीक शेंगा धरूं लागलें असें समजावें. पानांवर व शेंगांवर डाग पाडणाऱ्या बहुतेक बुरशींविरुद्ध फवारणीचा मुहूर्त तेथून सुरू होतो आणि दाणा भरूं लागेपर्यंत टिकतो. शेंगांत दाणे पूर्ण भरल्यावर फवारलेलें औषध हें केवळ मनाचें समाधान होय.

मात्र तांबेऱ्याची गोष्ट वेगळी. सांगली, सातारा, कोल्हापूर या कृष्णाकांठच्या जिल्ह्यांत तो वारंवार येतो आणि पिकाची कोणतीही अवस्था असो, पहिल्या पुटकुळ्या दिसतांच धांवपळ करावी लागते. तेथें खरा उपाय झाला तो बियाण्याचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील केंद्रानें फुले अग्रणी, फुले संगम यांसारखे वाण दिले, त्यांनीं तांबेऱ्याचा जोर पुष्कळ सोसला. जें काम वाण करतो, त्यासाठीं पंप पाठीवर घ्यावा लागत नाहीं.

वेळेचा विचार करण्यापूर्वीं रोगाची ओळख पटली पाहिजे, हें सांगणें येथें अवश्य आहे. २०२३ च्या सप्टेंबरांत विदर्भांत लाखों एकर सोयाबीन पाहतां पाहतां पिवळें पडून वाळलें. त्यांत पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग होता, आणि मूळ व खोड कुजविणाऱ्या बुरशीही होत्या. विषाणूवर बुरशीनाशकाचा कांहींही परिणाम होत नाहीं; त्याचा प्रसार पांढरी माशी करते, आणि उपाय माशीवर व वाणावर करावा लागतो. मातींत राहणारी, उन्हाच्या ताणांत मुळें काळीं करणारी बुरशी पानांवरच्या फवाऱ्याच्या आटोक्यांत येत नाहीं. तिच्यासाठीं मुहूर्त असतो तो पेरणीच्या आधींचा. बियाण्याला थायरम-कार्बोक्सिनसारखें औषध किंवा ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चोळावी, पाण्याचा निचरा राखावा, आणि दरवर्षी त्याच जमिनींत तेंच पीक घेऊं नये. ऑगस्टमध्यें ज्याला उपाय नाहीं, त्याचा उपाय जूनमध्यें मूठभर औषधांत असतो.

मग प्रश्न उरतो तो हा, कीं इतकें कळूनही शेतकरी वेळ कां चुकवितो? याचें उत्तर अज्ञान एवढेंच नाहीं. तुरा आलेला मका माणसाहून उंच असतो. अशा शेतांत पाठीवर पंप घेऊन शिरलेल्या मजुराच्या तोंडावर औषधाचा तुषार येतो, आणि पानांच्या धारांनीं हातपाय कापतात. अमेरिकेंत हें काम विमानें व उंच यंत्रें करतात. आपल्याकडे आतां ड्रोन येऊं लागले आहेत, आणि त्यांच्या वापराचे नियम केंद्र सरकारनें डिसेंबर २०२१ मध्यें घालून दिले. परंतु लहान शेतकऱ्याला ड्रोन हव्या त्या दिवशीं मिळेलच असें नाहीं. २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. तीं औषधें निराळीं होतीं. पण उंच वाढलेलें पीक, उघडें तोंड आणि उलटा वारा हीं कारणें येथेंही तशींच उभीं आहेत. म्हणून वेळ साधणें याचा अर्थ घाई करणें असा नव्हे. वारा शांत असावा, पानें कोरडीं असावीं, पुढील कांहीं तास पाऊस नसावा. तोंडावर आवरण, हातांत मोजे, अंगांत पूर्ण बाह्यांचे कपडे असावे. श्रावणांत असा अर्धा दिवस मिळविणें हीच मोठी कसोटी असते. हवामान विभाग आठवड्यांतून दोनदां कृषिसल्ला देतो, आणि परभणीचें वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ त्याला पिकाची जोड देतें. तो सल्ला औषधाच्या बाटलीइतकाच मोलाचा आहे, आणि त्याला पैसे पडत नाहींत.

वारंवार फवारण्याचा आणखी एक तोटा आहे. चीडाच्या फळांवर उगवणाऱ्या एका लहानशा छत्रीला दुसऱ्या बुरशींना मारणारें द्रव्य तयार करतां येतें, हें १९७७ मध्यें जर्मनींत उघडकीस आलें. त्या द्रव्याचा नमुना पुढें ठेवून नवीं औषधें बनविलीं गेलीं, आणि १९९६ पासून तीं बाजारांत आलीं. तीं इतकीं प्रभावी होतीं कीं तीं सर्रास वापरलीं गेलीं. २०१० मध्यें अमेरिकेच्या टेनेसी राज्यांत सोयाबीनच्या पानांवर बेडकाच्या डोळ्यासारखे ठिपके पाडणारी बुरशी या औषधांना दाद देईनाशी झाल्याचें आढळलें. चौदा वर्षांत एक चांगलें शस्त्र त्या शेतांत बोथट झालें. विनाकारण केलेली प्रत्येक फवारणी आपल्या शत्रूला तालीम देते. हें नुकसान एकट्या शेतकऱ्याचें नव्हे. सगळ्या शिवाराचें आहे.

शेवटीं गृहिणींच्या दृष्टीनें एक गोष्ट. पानांवरचा करपा खाणाऱ्याला बाधत नाहीं. परंतु काढणीनंतर ओल्या मक्यावर चढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नांवाचें जालिम विष तयार करते. १९७४ सालीं गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील पंचमहाल व बांसवाडा जिल्ह्यांत पावसांत भिजून बुरसलेला मका खाल्ल्यामुळें यकृताच्या विकारानें शंभराहून अधिक माणसें मरण पावलीं. ऑगस्टमध्यें केलेली फवारणी या विषापासून वांचवीत नाहीं. तेथें औषध एकच, आणि तें म्हणजे ऊन. दाण्यांतील ओल १२-१३ टक्क्यांवर येईपर्यंत मका वाळविणें, आणि बुरसलेलीं कणसें निवडून बाजूला टाकणें. घरीं आणलेल्या मक्याला किंवा शेंगदाण्याला कुबट वास आला, तर तो धुऊन, भाजून वापरण्याचा मोह धरूं नये. भाजल्यानें तें विष पूर्णपणें जात नाहीं.

एकंदरींत पाहतां, शेतीच्या औषधांत नांवापेक्षां दिवस महत्त्वाचा. बियाण्याचा दिवस जूनमध्यें, मक्याचा दिवस तुऱ्यापाशीं, सोयाबीनचा दिवस शेंगेपाशीं, आणि धान्याचा दिवस खळ्यावरच्या उन्हांत. यांपैकीं कोणताही दिवस पंचांगांत छापलेला नसतो. तो शेतांत जाऊन, पान उलटून पाहून ठरवावा लागतो. जो पाहतो, त्याला कधीं फवारावयाचें हें कळतें, आणि त्याहूनही अवघड असें, कधीं फवारूं नये, हेंही कळतें.